नवी बांधकामे आणि रस्त्यावरील जीवन : वर्सोवा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

शहराच्या विकासाची चर्चा बहुधा इमारतींभोवती फिरते. मजले किती, सदनिका किती, चटईक्षेत्र किती, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता येतात. दोन इमारतींमधील रस्त्यावर काय घडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक भाजी घेणे, मुलांचे खेळणे, वृद्धांचे बसणे, विक्री, ओळखी, मिरवणुका या शहरी जीवनाच्या मोठ्या भागाचे स्थान रस्ता हेच असते. हे जीवन आपोआप उमलत नाही व आपोआप नष्टही होत नाही. रस्त्याला लागून असलेल्या इमारतीची कड कशी आहे, यावर ते बऱ्याच अंशी अवलंबून असते. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील वर्सोवा परिसराच्या आधारे हा संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. वर्सोव्याची तीन रूपे

मालाड खाडीच्या मुखाशी वसलेल्या वर्सोव्याचे कोळ्यांच्या बोलीतील नाव वेसावे. 'वेसावकर' ही ओळख कोळीगीतांमुळे महाराष्ट्रभर पोहोचली आहे. या छोट्या भूभागात वसाहतीची तीन रूपे एकमेकांना लागून उभी आहेत.

पहिले रूप कोळीवाड्याचे. येथील गल्ल्या अरुंद असून घरे परस्परांना खेटून आहेत. घराचे दार थेट गल्लीत उघडते आणि दारापुढचा ओटा घर व गल्ली या दोहोंचाही असतो. जाळी विणणे, मासळी निवडणे, गप्पागोष्टी ही कामे तेथेच चालतात.

दुसरे रूप सहकारी गृहनिर्माण संस्थांचे. सात बंगला व चार बंगला ही नावे जुन्या बंगल्यांची आठवण देतात. परंतु त्या परिसराला, तसेच यारी रोड व जयप्रकाश मार्गाला, आजचे स्वरूप दिले ते प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या मध्यम उंचीच्या इमारतींनी. शेजारचे लोखंडवाला संकुल १९८०च्या दशकात आकारास आले. यांपैकी मुख्य रस्त्यावरील अनेक इमारतींच्या तळमजल्यावर दुकाने आहेत. किराणा, औषधे, इस्त्री, चहा यांच्या निमित्ताने माणसे येथे थबकतात. आरामनगरमधील बैठ्या घरांचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे नाट्यतालमींच्या जागा व चित्रपटांसाठी कलावंत निवडणारी कार्यालये आली आणि संधीच्या शोधातील तरुण नटांमुळे आसपासचे रस्ते व चहाची दुकाने गजबजली. हा गजबजाट कोणत्याही विकास आराखड्यात आखलेला नव्हता. कमी भाड्याची लहान जागा आणि थेट रस्त्यावर उघडणारे दार यांतून तो घडला.

तिसरे रूप पुनर्विकासातून उभ्या राहणाऱ्या उंच मनोऱ्यांचे. जुनी इमारत पाडून तिच्या जागी, किंवा शेजारचे भूखंड एकत्र करून, नवा मनोरा बांधला जातो. रस्त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल येथे घडतो.

३. इमारतीची कड

जेन जेकब्ज या अमेरिकी लेखिकेने १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, रस्त्याची सुरक्षितता केवळ पोलिसांवर अवलंबून नसते. खिडकीतून, दुकानातून, ओट्यावरून रस्त्याकडे सहज जाणारी रहिवाशांची व दुकानदारांची नजर तो रस्ता राखत असते. वर्सोव्याच्या तिन्ही रूपांना ही कसोटी लावता येते.

उदाहरणादाखल प्रत्येकी २० मीटर दर्शनी रुंदीचे पाच भूखंड घेऊ. प्रत्येकावर एक फाटक व चार दुकाने आहेत असे मानल्यास १०० मीटरच्या अंतरात रस्त्यावर उघडणारी २५ दारे मिळतात, म्हणजे दर चार मीटरला एक. हे पाचही भूखंड एकत्र करून एकच संकुल उभारले आणि वाहनांसाठी आत जाण्याचे व बाहेर पडण्याचे अशी दोनच फाटके ठेवली, तर तेवढ्याच अंतरात दोन दारे उरतात. उर्वरित लांबी आवारभिंतीची होते. संकुलातील कुटुंबांची संख्या पूर्वीपेक्षा अधिक असू शकते. तथापि पदपथावर थांबण्याचे कारणच उरत नाही. लोकसंख्या वाढूनही रस्ता ओस पडण्याचा हा विरोधाभास अशा रीतीने निर्माण होतो.

४. नियमांचे गणित

या बदलाचा दोष केवळ विकासकाच्या किंवा रहिवाशांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. जुन्या इमारती जीर्ण होतात. वृद्धांना उद्वाहनाची गरज असते आणि वाढत्या कुटुंबाला मोठे घर हवे असते. स्वतःचा पैसा न घालता हे सर्व मिळण्याचा मार्ग म्हणजे वाढीव चटईक्षेत्राच्या विक्रीतून होणारा पुनर्विकास. प्रश्न आहे तो या व्यवहाराला आकार देणाऱ्या नियमांचा.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद करून उपनगरांत वाढीव बांधकामाचा मार्ग खुला केला. २०१२ मधील दुरुस्तीने अधिमूल्य भरून निवासी इमारतींना ३५ टक्के अतिरिक्त चटईक्षेत्र मिळू लागले. पुढे २०१८ मध्ये 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४' लागू झाली. सदनिकांच्या क्षेत्रफळानुसार वाहनतळ देणे बंधनकारक असते आणि नियमानुसार आवश्यक असलेला आच्छादित वाहनतळ चटईक्षेत्र निर्देशांकात मोजला जात नाही. साहजिकच खालचे मजले मोटारींना दिले जातात आणि माणसांची वस्ती त्यांच्या वरून सुरू होते. उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाच्या वाहनाला फिरता येईल एवढी मोकळी जागा सोडावी लागते. सुरक्षेसाठी ती आवश्यकच आहे. परंतु तिच्याभोवती भिंत घातली की तिचा रस्त्याशी संबंध तुटतो.

मोकळी जागा कोठे असावी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ च्या नियमावलीनुसार आवश्यक असलेली किमान मनोरंजन जागा पोडियमच्या छतावर नव्हे, तर जमिनीवरच असली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये दिला. मोकळ्या जागेचे केवळ क्षेत्रफळ नव्हे, तर तिचे स्थानही महत्त्वाचे असते, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. रस्त्याकडील कडेला मात्र असे संरक्षण लाभलेले नाही.

५. रस्ता : उपजीविकेचे स्थान

कोळीवाड्यात मोकळी जागा हे उत्पादनाचे साधन आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत घातले जातात. पुरुष समुद्रावर जातात. मासळीची निवड, सुकवणी व विक्री हा व्यवहार मुख्यतः स्त्रियांच्या हाती असतो. त्या विक्रीसाठी नगराच्या रस्त्यांवर व बाजारांत बसतात. त्यामुळे सुकवणीची जागा आक्रसणे किंवा बसण्याची जागा जाणे, याचा पहिला आघात कोळी स्त्रीच्या स्वतंत्र उत्पन्नावर होतो.

या जागांना कायद्याने काही प्रमाणात मान्यता दिली आहे. ६ जानेवारी २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी खास तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासकीय अभिलेखांत दर्शविलेल्या मच्छीमार वसाहतींचे नकाशे तयार करावेत, असे तीत म्हटले होते. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान ४० टक्के प्रतिनिधित्व दिले, त्यात एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी तरतूद केली आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्यांना हटवण्यास मनाई केली. तथापि बांधकाम नियमावली आणि हे कायदे वेगवेगळ्या कक्षांत राबवले जातात. मनोऱ्याला परवानगी देताना त्यापुढे बसणाऱ्या विक्रेत्यांचा विचार करण्याची कार्यपद्धती रूढ झालेली नाही.

६. सार्वजनिक प्रकल्प व रस्ता

खाजगी बांधकामांइतकाच सार्वजनिक प्रकल्पांचाही परिणाम रस्त्यावर होतो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली ११.४ किलोमीटर लांबीची वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ही मुंबईतील पहिली मेट्रो मार्गिका. पूर्व व पश्चिम उपनगरांना जोडून तिने प्रवासाचा मोठा वेळ वाचवला. त्याचबरोबर स्थानकाच्या जिन्याचे पायथे हे नवे चौक बनले. प्रवासी, रिक्षा व फेरीवाले एकाच ठिकाणी एकवटतात. पदपथ मुळातच अरुंद असेल तर तेथे जीवन नव्हे, केवळ गर्दी निर्माण होते. वर्सोवा–वांद्रे सागरी सेतूचा प्रश्न याहून निराळा आहे. त्यातून मोटारींचा प्रवास सुलभ होईल. मात्र होड्यांचे मार्ग व मासेमारीचे क्षेत्र यांविषयी कोळी समाजाने चिंता व्यक्त केली आहे.

सार्वजनिक जागा लोक कशी परत मिळवतात, याचेही उदाहरण वर्सोव्याने घालून दिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांच्या पुढाकाराने किनारा स्वच्छतेची मोहीम सुरू झाली. त्या कार्यासाठी २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले आढळली.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पुनर्विकास आणि चैतन्यपूर्ण रस्ता यांत मूलतः विरोध नाही. विरोध आहे तो आतील प्रत्येक चौरस फूट मोजणाऱ्या व बाहेरील कडेकडे दुर्लक्ष करणाऱ्या गणिताशी. मुख्य रस्त्यावरील दर्शनी बाजूचा ठराविक भाग दुकाने वा सार्वजनिक उपयोगासाठी खुला ठेवणे, वाहनतळ मागील बाजूस नेणे, लांब भूखंडातून पादचाऱ्यांसाठी वाट राखणे आणि परवानगीपूर्वी तेथील विक्रेते व सुकवणीच्या जागा यांची नोंद करणे, हे उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. त्यांचा अवलंब वेळेवर होणे मात्र आवश्यक आहे. एकदा उभा राहिलेला मनोरा पुढील अनेक दशके हलत नाही. त्याच्या भिंतीमुळे उठलेली कोळीण पुन्हा त्याच जागी येऊन बसेल, याची शाश्वती कोणतीही नियमावली देऊ शकत नाही.