एका खेळाच्या पांच आवृत्त्या

शिक्षकाच्या व्यवसायांत असतां एका गोष्टीनें आमचें मन वारंवार विषण्ण होई. थोरल्या भावाचें क्रमिक पुस्तक धाकट्यानें जपून ठेवावें, तों नवी आवृत्ति निघालेली असे. चार धडे पुढेंमागें केलेले, आणि जुनें पुस्तक वर्गांत निरुपयोगी! एकदां अशाच एका मुलास आम्हांस सर्वांदेखत नवें पुस्तक आणावयास सांगावें लागलें. त्याची खालीं गेलेली मान अद्याप आठवते. नवी आवृत्ति कोणाच्या हितासाठीं निघते, वाचकाच्या कीं विक्रेत्याच्या, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत आहे. त्याचें बोधप्रद उत्तर आम्हांस एका अमेरिकन खेळाच्या इतिहासांत सांपडलें.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्या खेळाचें नांव. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करणार तें बोलतात. आणि बेत साधला कीं फसला, हें फांसे ठरवितात. नियमांचें पुस्तक एकदां घेतलें कीं वर्षानुवर्षें पुरतें. मग प्रकाशकाचा संसार चालावा कसा? नव्या आवृत्त्यांवर. सारी मेख येथेंच आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं रचिलेला हा खेळ १९७४ सालीं विस्कॉन्सिन प्रांतांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं टी. एस. आर. मंडळीनें प्रसिद्ध केला. तीन पुस्तिकांची एक पेटी, किंमत १० डॉलर, आणि पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १०००. त्या खपल्या, आणि दहा वर्षांच्या आंत खेळाचें नांव देशभर झालें.

दुसरी आवृत्ति १९८९ सालीं निघाली. पुढें मंडळीनें निरनिराळ्या काल्पनिक जगांच्या पुस्तकमाला एकामागून एक काढिल्या. एका जगांत रमलेला खेळाडू दुसऱ्याचें पुस्तक घेईना. ग्राहक विभागले, न खपलेल्या प्रती परत येऊं लागल्या, आणि १९९७ सालीं ही कर्जबाजारी मंडळी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें विकत घेतली.

नव्या मालकांनीं २००० सालीं तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक धाडस केलें. मूळ नियम वापरून कोणींही आपलें पुस्तक छापावें, असा खुला परवाना दिला! व्यापाऱ्यानें आपलें भांडवल वाटून टाकावें, हें वेडेपणाचें वाटेल. परंतु हिशेब पक्का होता. इतरांचीं कथानकें खेळावयास मूळ ग्रंथ लागेच. भाष्यकार वाढले कीं सूत्रकाराची प्रतिष्ठा वाढते, हें संस्कृतज्ञांस नवें नाहीं.

पण २००३ सालींच दुरुस्त आवृत्ति आली, आणि २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनें नियम मुळापासून बदलून परवानाही आंखडता घेतला. पुष्कळ जुन्या खेळाडूंस आपला खेळ ओळखूं येईना. तेव्हां पायझो या मंडळीनें, पूर्वीच्याच खुल्या परवान्याच्या आधारें, २००९ सालीं तिसऱ्या आवृत्तीचे नियम सुधारून ‘पाथफाइंडर’ या नांवानें छापिले. असंतुष्ट ग्राहक तिकडे वळले, आणि कांहीं काळ दुकानांतील विक्रींत हा खेळ मूळ खेळाच्याही पुढें गेला.

प्रकाशक शहाणे झाले. २०१२ पासून त्यांनीं नियमांचे खर्डे खेळाडूंस देऊन त्यांचीं मतें मागविलीं. २०१४ सालीं पांचवी आवृत्ति काढून प्राथमिक नियम फुकट दिले. पुस्तकेंही मोजकींच काढिलीं. इतरांचा खेळ इंटरनेटवर पाहण्याची गोडी लोकांस लागली, तिचीही भर पडली, आणि ही आवृत्ति विलक्षण खपली. २०२३ च्या जानेवारींत खुला परवाना आवळण्याचा बेत बाहेर फुटतांच खेळाडूंनीं असा गहजब केला कीं, त्याच महिन्यांत माघार घेऊन मूळ नियम कायमचे खुले करावे लागले. २०२४ सालीं सुधारलेले नियम आले, ते जुन्या कथानकांशीं जुळते ठेवूनच.

तात्पर्य उघड आहे. पुस्तकाचा खप मेजाभोंवतीं जमणाऱ्या माणसांवर अवलंबून असतो. त्यांच्या जुन्या पुस्तकाचा मान राखील तीच आवृत्ति टिकते. त्या खेळाडूंस दुसऱ्या दुकानीं जाण्याची मोकळीक होती, म्हणून त्यांचें ऐकिलें गेलें. आमच्या वर्गांतील त्या धाकट्या भावास ती नव्हती. ज्यास निवड नाहीं, त्याच्या वतीनें घरांतील व शाळेंतील वडीलधाऱ्यांनीं बोलावयास हवें होतें. आम्ही त्या वेळीं बोललों नाहीं, याची खंत उरलीच आहे.