गुडघा आणि मांडीचें बळ

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागांतील भिवापूर हें गांव तेथील लाल मिरचीमुळें सर्वश्रुत आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची स्वयंपाकघरांत येण्यापूर्वीं वाळवावी लागते, निवडावी लागते आणि तिचे देठ खुडावे लागतात. ज्या मोकळ्या आवारांत हें काम चालतें त्यांस त्या भागांत ‘सातरा’ म्हणतात. तेथें मिरचीच्या राशींभोंवतीं स्त्रिया तासन् तास उकिडव्या किंवा मांडी घालून बसतात. हात सारखे चालत असतात. गुडघे मात्र एकाच स्थितींत दुमडलेले राहतात. शहरांतील घरांतहि फरशी पुसणें, भाजी निवडणें, पूजेस बसणें यांत थोड्याबहुत प्रमाणांत हेंच घडतें. अशा बैठकीनें गुडघा कां दुखूं लागतो आणि त्यावर इलाज काय, हा प्रश्न म्हणूनच दोन्ही ठिकाणीं सारख्या महत्त्वाचा आहे.

पन्नाशी उलटल्यावर गुडघा दुखूं लागला कीं ‘आंतलें वंगण आटलें’ असें म्हणून पायास विश्रांति देण्याचा प्रघात आहे. सांध्यांत वंगणासारखा एक द्रव असतो हें खरें. वयोमानानें हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते हेंहि खरें. परंतु ही अर्धीच हकीकत झाली. उरलेली अर्धी गुडघ्यांत नसून मांडींत आहे.

खुब्याचा सांधा उखळांत मुसळ बसावें तसा खोल खोबणींत बसलेला असतो. गुडघ्याचें तसें नाहीं. मांडीच्या हाडाचीं वाटोळीं टोकें नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर केवळ टेकलेलीं असतात. तीं जागच्या जागीं राहतात तीं सांध्याचे बंध व भोंवतालचे स्नायु यांच्या जोरावर. मांडीच्या पुढील बाजूस चार स्नायूंचा एक बळकट संघ आहे. हे चारहि खालीं एका जाड कंडरेंत मिळतात, ती कंडरा गुडघ्याच्या वाटीला कवटाळून नडगीच्या पुढच्या उंचवट्यास जाऊन चिकटते. गुडघा सरळ करणें हें या संघाचें काम. मागील बाजूचे तीन स्नायु गुडघा वाकवितात आणि नडगीचें हाड पुढें घसरूं देत नाहींत.

गुडघ्याची वाटी ही निरुपयोगी ढाल नव्हे. हातपंपाचा दांडा जितका लांब तितकें पाणी उपसणें सोपें जातें, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. वाटी कंडरेस सांध्याच्या आंसापासून पुढें उचलून धरते आणि तेवढ्याच ओढीनें गुडघा अधिक जोरानें सरळ होतो. चार स्नायूंपैकीं आंतल्या अंगाचा स्नायु या वाटीस बाहेरच्या बाजूस सरकूं न देतां तिच्या खोबणींत राखण्यास मदत करतो.

या स्नायूंचें दुसरें काम सहसा लक्षांत येत नाहीं. जिना उतरतांना अथवा हळूहळू खालीं बसतांना ते आंखडत नाहींत. ताण धरून सावकाश लांबत जातात. उतारावर गाडी धांवूं नये म्हणून गाडीवान कासरे ओढून धरतो, तसेंच हें आहे. गाडीवानाचे हात थकले तर गाडीला धक्के बसतात. मांडी दुबळी झाली तर प्रत्येक पावलाचा धक्का सांध्याच्या कूर्चेस सोसावा लागतो. जिन्याची चढउतार करतांना वाटी व मांडीचें हाड यांमधील दाब शरीराच्या वजनाच्या सुमारें तिप्पट होतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईच्या गुडघ्यावर तो सुमारें १८० किलो भरतो. पूर्ण उकिडवें बसून उठतांना तो याहूनहि वाढतो.

दुखण्याचें चक्र येथेंच सुरू होतें. सांधा सुजला म्हणजे मज्जारज्जूकडून मांडीच्या स्नायूंस जाणारी आज्ञाच मंदावते. रोग्यानें कितीहि मनावर घेतलें तरी स्नायु पुरता आंवळत नाहीं. त्यांत दुखतें म्हणून हालचाल कमी होते. हालचाल कमी म्हणून मांडी आणखी वाळते. मांडी वाळली म्हणून सांध्यावर अधिक भार पडतो आणि दुखणें वाढतें. केवळ विश्रांतीनें हें चक्र तुटत नाहीं.

तें कसें तोडावें याचा धडा दुसऱ्या महायुद्धांत मिळाला. शिकागो येथील लष्करी इस्पितळांत गुडघ्यास दुखापत झालेल्या सैनिकांच्या मांड्या महिनोन् महिने अशक्त राहत. टॉमस डीलॉर्म या डॉक्टरानें त्यांस हलक्या, असंख्य हालचालींऐवजीं क्रमाक्रमानें वाढत्या वजनाचा व्यायाम दिला व आपला अनुभव १९४५ सालीं प्रसिद्ध केला. आजच्या फिजिओथेरपीचा तो एक पायाच आहे. आपल्याकडे या विद्येची पहिली शाळा १९५० नंतरच्या दशकांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें निघाली. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतहि हें शिक्षण व उपचार मिळतात.

बसण्याच्या संवयीविषयीं बीजिंग शहरांतील वृद्धांची एक पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तरुणपणीं दिवसाचे पुष्कळ तास उकिडवें बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली. यावरून उकिडवें बसणेंच वर्ज्य असें ठरत नाहीं. तासन् तास न उठतां तसें बसणें मात्र महाग पडतें.

घरीं करण्याजोगे व्यायाम साधे आहेत. पाय लांब करून बसावें, गुडघ्याखालीं टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि मांडी आंवळून ती गुंडाळी खालीं दाबावी. मनांत पांच अंक मोजून सोडावें. दुसरा प्रकार, उताणें निजून एक गुडघा वांकवावा व दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. तिसरा, खुर्चीवर बसून पाय पुढें सरळ करावा. जमूं लागल्यावर घोट्यास अर्धा किलो वाळूची पिशवी बांधावी. चौथा, हात न टेकतां खुर्चीवरून उठावें व सावकाश बसावें. प्रत्येक प्रकार दहा वेळां, श्वास न कोंडतां करावा. थोडा ताण जाणवणें योग्य. दुखणें दुसऱ्या दिवशींहि वाढलेलें राहिलें तर वजन वा संख्या कमी करावी. गुण येण्यास दीड-दोन महिने लागतात, हें आधींच मनाशीं धरावें. स्थूल व्यक्तीनें वजन एक किलो उतरविलें तर चालतांना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो.

गुडघा लाल व गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पडल्यानंतर पायावर भार देतां येईना, किंवा सांधा मध्येंच अडकूं लागला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांस दाखवावें.

सातऱ्यावर बसणाऱ्या स्त्रीस विश्रांति घे असें सांगणें म्हणजे मजुरी सोड असें सांगणें होय. तिला हातभर उंचीचें बसणें मिळालें, अर्ध्या तासानें उठून चार पावलें टाकण्याची मुभा मिळाली, तर तें तिला अधिक उपयोगी पडेल. शहरांतील गृहस्थाच्या हातीं तर याहून सोपी गोष्ट आहे. घरीं फरशी पुसावयास येणाऱ्या बाईस लांब दांड्याचें पुसणें द्यावें, आणि आपल्या आईस शिकविलेले हे चार व्यायाम तिलाहि दाखवावे. त्यांस खर्च नाहीं; आणि पायांवरच जिचें पोट आहे तिला त्यांची गरज सर्वांहून अधिक आहे.