रक्तातला बहुरूपी

पेशीच्या आत काय चालले आहे, ते टी-पेशींना दाखवणारी यंत्रणा तांबड्या रक्तपेशीजवळ नसते. हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी, प्लास्मोडियम फॅल्सिपेरम, नेमका तिथेच मुक्काम ठोकतो. भीती उरते ती प्लीहेची. परजीवी वाढू लागला की लवचीक पेशी ताठर होते, आणि अशा पेशी प्लीहेच्या अरुंद फटींत अडकून नष्ट होतात.

म्हणून तो प्लीहेकडे जाणेच टाळतो. पेशीवर सूक्ष्म गाठी उभारून त्यांवर पीएफईएमपी-१ नावाचे प्रथिन बसवतो. त्याच्या आधाराने पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. 48 तासांच्या चक्राचा उत्तरार्ध असा दडून जातो. बोटातून घेतलेल्या रक्तात त्याची बहुधा कोवळी रूपेच दिसतात, ती यामुळेच. हेच चिकटणे मेंदूच्या वाहिन्यांत झाले की रोगी बेशुद्ध होतो, दगावूही शकतो.

पण चिकटायचे तर प्रथिन उघड्यावर ठेवावे लागते. शरीर ते ओळखते आणि प्रतिपिंडे तयार करते. इथे परजीवीचे बहुरूपीपण कामी येते. 1995 मध्ये उजेडात आलेली ‘व्हार’ जनुके त्याच्याजवळ सुमारे 60 असतात, आणि एका वेळी त्यांतले साधारण एकच चालू असते. काही परजीवी आपोआप दुसऱ्या जनुकाकडे वळलेले असतात. जुन्या रूपाचे मारले गेले तरी यांची संख्या वाढते. शिवाय डासाच्या पोटात परजीवींचे मीलन होताना या जनुकांची सरमिसळ होते, त्यामुळे नवी रूपे घडतच राहतात.

तरीही माणूस हरत नाही. 1961 मध्ये गांबियात कोहेन आणि मॅकग्रेगर यांनी वारंवार हिवताप झेललेल्या प्रौढांची प्रतिपिंडे आजारी मुलांना दिली, तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. वर्षानुवर्षांच्या संसर्गातून ही कमाई होते. तिची किंमत मात्र लहान मुले जिवाने मोजतात, हे विसरता येत नाही.

गर्भारपणात ही कमाईही अपुरी पडते. वारेच्या रूपाने परजीवीला चिकटायला नवी जागा मिळते, आणि तिथे तो ‘व्हार-टू-सीएसए’ हे वेगळे प्रथिन वापरतो. पहिलटकरणीला त्याची ओळख नसते. पुढच्या बाळंतपणांत प्रतिपिंडे तयार असतात.

लस बनवणाऱ्यांनी या सोंगांचा पाठलाग सोडून वेगळी वाट धरली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये शिफारस केलेली आर-21 लस डासाने टोचलेल्या परजीवीला यकृतात शिरण्याआधीच गाठू पाहते. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेल्या या लशीचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. वारेतल्या प्रथिनावर बेतलेल्या लशींच्याही प्राथमिक मानवी चाचण्या झाल्या आहेत.