नर्व्हची फितुरी

सकाळी ६ : आईसाठी दूध आणायला जवाहर चौकापर्यंत चक्कर. भोपाळमधलं आमचं टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. येवल्याच्या या माणसाला १८५९ मध्ये फितुरीनं पकडून दिलं, हे आई अजून घरचं दुःख असल्यासारखं सांगते. कोपऱ्यावरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लोंबतायत. गुटख्यावर मध्य प्रदेशानं २०१२ मध्येच बंदी घातली. आता पान मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. तोंडात दोन्ही एकच.

९.३० : लॅब. तुकडे रात्रभर मशीनमध्ये मेण पिऊन तयार आहेत. "मॅडम, आज तीन ज़बान, एक गाल," टेक्निशियन भैया सांगतात. मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनची पट्टी निघते, कोमट पाण्यावर सायीसारखी पसरते आणि काचेवर अलगद उचलली जाते. जिभा-गाल आमच्याकडे नवे नाहीत. भोपाळमधल्या कॅन्सरची नोंद ऐंशीच्या दशकापासून ठेवली जाते. पुरुषांत तोंड आणि जीभ कायम वरच्या रांगेत.

११ : पहिली जीभ. नर्व्ह म्हणजे फिकट गुलाबी, नागमोडी धाग्यांची जुडी. तिच्याभोवती कॅन्सरच्या पेशींनी कडबोळ्यासारखा विळखा घातलाय. नर्व्हला वेढा पडला असं म्हणायला किमान एक तृतीयांश घेर वेढलेला हवा. इथे तर कडं जवळजवळ पूर्ण आहे. रिपोर्टात एक ओळ टाइप होते : पेरिन्यूरल इन्व्हेजन, आहे. या ओळीमुळे ऑपरेशननंतर रेडिएशनचा शेक द्यायचा का, हा विचार सुरू होतो.

१.३० : डबा. कॉलेजात शिकवलं होतं, नर्व्ह ही नुसती वाट. कॅन्सर तिच्या कडेकडेनं सरकतो. पण २०१९ मध्ये स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्गच्या गटांनी दाखवलं की मेंदूतल्या ग्लायोमाच्या पेशी न्यूरॉन्सशी चक्क सिनॅप्स जोडतात आणि त्या संदेशांवर वाढतात. २०२० मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधून तोंडाच्या कॅन्सरवरचं काम आलं. पी-५३ जनुक गमावलेल्या पेशी बारीक पुटिका सोडतात. त्यांत एक मायक्रोआरएनए नसतो. तेवढ्यानं संवेदना वाहणाऱ्या नर्व्हचा स्वभाव पालटतो. ती अ‍ॅड्रिनर्जिक होते, म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडू लागते, आणि गाठीला खतपाणी घालते. उंदरांत ती नर्व्ह तोडली किंवा अ‍ॅड्रिनर्जिक रिसेप्टर औषधानं अडवले, तर गाठीची वाढ मंदावली. थोडक्यात, वाट समजत होतो ती फितूर निघाली. माझ्या रिपोर्टातली ओळ अजून तीच आहे; ती लिहिताना नजर मात्र आता जास्त वेळ थांबते.

४ : गालाची स्लाइड. नर्व्ह साफ. पण कागदावर सर्जननं लिहिलंय : ओठ बधिर, रात्री ठणका. काच सांगते एक, पेशंट सांगतो दुसरं. भैयांना ब्लॉक आणखी खोल कापायला सांगितला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मुकाट्यानं चाक फिरवायला घेतलं.

५.४५ : तिसऱ्या काचेवर सापडली. अगदी बारीक नर्व्ह, तिला टेकून दहा-बारा पेशींची चंद्रकोर. नर्व्ह उठून दाखवणारा एस-१०० चा रंग उद्या लावून खात्री करू. रिपोर्ट आज अडवून ठेवला.

८.३० : जेवणं झाली. आईनं सवयीनं अडकित्ता काढला. मी बडीशेपेची डबी पुढे सरकवली.

"तुझी ती दुर्बीण घरी आणत जाऊ नकोस," ती म्हणाली. पण सुपारी डब्यात परत ठेवली.