रविवारची मिरवणूक, सोमवारचा राजमा : न्यू ऑर्लिन्सचे संगीत आणि स्वयंपाकघर

मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळण्यापूर्वी एक मोठे वळण घेते. त्या वळणावर, दलदलीच्या कडेला, 1718 मध्ये फ्रेंचांनी न्यू ऑर्लिन्स वसवले. पुढे सुमारे चार दशके तेथे स्पेनची राजवट होती, मग ते पुन्हा फ्रान्सकडे आले. 1803 मध्ये फ्रान्सने लुइझियानाचा अफाट मुलूख अमेरिकेला विकला आणि शहरावरची सत्ता तिसऱ्यांदा बदलली. त्याच सुमारास सँ-दोमँग, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी क्रांती यशस्वी केली होती. तेथून निघून क्युबात आसरा घेतलेले सुमारे नऊ हजार लोक 1809-10 मध्ये न्यू ऑर्लिन्सला आले आणि वस्ती जवळपास दुप्पट झाली. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी, कॅरिबियन, मूळचे चॉक्टॉ, नंतर आलेले आयरिश, जर्मन आणि सिसिलियन असे सगळे या ओलसर, डासांनी भरलेल्या बंदरात दाटीवाटीने राहिले. जाझ येथेच जन्मले आणि गम्बो हा दाट रस्साही येथेच शिजू लागला. एकाच वस्तीतल्या, बहुतांशी कष्टकरी कृष्णवर्णीय माणसांनी ही दोन्ही घडवली. त्यांच्या आठवड्याच्या कामाच्या रहाटीतून ती घडली, म्हणून या शहराकडे वारांच्या क्रमाने पाहिले तर ते नीट उलगडते.

सुरुवात रविवारची. फ्रेंच राजवटीत 1724 साली लागू झालेल्या ‘कोड न्वार’ या गुलामांविषयीच्या कायद्यानुसार रविवारी गुलामांकडून काम करून घेण्यास मनाई होती. त्या दिवशी ते शहराच्या तटाबाहेरच्या मोकळ्या जागेत जमत, परसातली भाजी, पक्वान्ने आणि हातच्या वस्तू विकत आणि नाचत-गात. 1817 मध्ये नगरपालिकेने अशा जमण्याला एकच जागा नेमून दिली. हाच काँगो स्क्वेअर. 1819 मध्ये वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब याने तेथे पाच-सहाशे लोकांचा मेळा पाहिला आणि वहीत टिपणे व रेखाटने केली. एक म्हातारा आडव्या ठेवलेल्या ढोलावर मांड टाकून बसला होता आणि हाताच्या कडेने व बोटांनी तो विलक्षण वेगाने बडवत होता. जवळच भोपळ्याच्या तुंब्याचे एक तंतुवाद्य वाजत होते आणि त्याच्या दांडीच्या टोकाला बसलेल्या माणसाची कोरीव आकृती होती. लॅट्रोबला हे संगीत आवडले नाही, तरीही त्याच्या त्या पानांमुळेच आज अभ्यासकांना त्या वाद्यांचे रूप कळते. अमेरिकेच्या इतर बहुतेक भागांत गुलामांच्या हातून ढोल काढून घेतला गेला होता. येथे तो उघड्यावर वाजत राहिला, ही या शहराच्या संगीतेतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणावी लागेल.

या बाजारात आफ्रिकी स्त्रियांनी विकलेला ‘काला’ नावाचा पदार्थही ध्यानात घेण्यासारखा आहे. शिजवलेला भात मऊ करून, आंबवून, गोड करून तळलेला हा वडा सकाळच्या कॉफीबरोबर खात. स्पॅनिश कायद्यात गुलामाला स्वतःची किंमत भरून मुक्त होण्याचा हक्क होता आणि काही स्त्रियांनी टोपलीतल्या अशा विक्रीतून साठवलेल्या पैशांवर स्वतःचे आणि मुलांचे स्वातंत्र्य विकत घेतले. आज फ्रेंच मार्केटमध्ये पर्यटकांची रांग लागते ती 1862 पासून चालू असलेल्या ‘कॅफे दु माँद’मधल्या पिठीसाखरेत बुडवलेल्या चौकोनी बेन्येंसाठी आणि चिकोरी घातलेल्या दुधाळ कॉफीसाठी. बेन्ये खावेतच, पण काला कुठे मिळाला तर तो आधी खावा, इतका त्याचा इतिहास मोठा आहे.

जाझ घडायला आणखी एक प्रवाह लागला. शहराच्या खालच्या भागात, ट्रेमे आणि सेव्हन्थ वॉर्ड या वस्त्यांत, मिश्र वंशाचे स्वतंत्र क्रिओल राहत. त्यांची मुले युरोपीय पद्धतीने क्लॅरिनेट आणि व्हायोलिन शिकत आणि ऑपेरा ऐकत. वरच्या भागात मळे सोडून आलेले मुक्त गुलाम होते. त्यांच्यापाशी चर्चमधली गाणी आणि ब्लूज होते, नोटेशन नव्हते. 1890 मध्ये लुइझियानाने रेल्वेत वर्णानुसार वेगळे डबे सक्तीचे केले. होमर प्लेसी या क्रिओल चर्मकाराने 1892 मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसून त्याला आव्हान दिले, पण 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभक्ततेवर शिक्कामोर्तब केले. क्रिओलांचा वेगळा दर्जा संपला. वाचून वाजवणारे आणि कानाने वाजवणारे एकाच पथकात येऊन बसले. अन्यायी कायद्याने जवळ ढकललेल्या या दोन गटांच्या देवघेवीतून नवे संगीत उभे राहिले. त्याचे श्रेय मात्र त्या कायद्याला नव्हे, त्या वादकांना आहे.

या संगीताचा पहिला नायक म्हणून कॉर्नेटवादक बडी बोल्डन (1877-1931) याचे नाव घेतले जाते. त्याचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. 1907 मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवले गेले आणि तो तेथेच वारला. जाझची पहिली तबकडी 1917 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली ती न्यू ऑर्लिन्सच्याच गोऱ्या वादकांची. त्यांचा म्होरक्या निक लारोका हा सिसिलियन स्थलांतरितांचा मुलगा होता. त्याच वर्षी स्टोरीव्हिल ही 1897 पासून कायद्याच्या चौकटीत चालणारी वेश्यावस्ती नौदलाच्या दबावामुळे बंद झाली आणि वादकांचा उत्तरेकडे चाललेला ओघ वाढला. किंग ऑलिव्हर शिकागोला गेला आणि 1922 मध्ये त्याने आपल्या शिष्याला बोलावून घेतले. तो शिष्य लुई आर्मस्ट्राँग. 1901 मध्ये गरीब वस्तीत जन्मलेल्या या मुलाने 1912 च्या शेवटच्या रात्री हवेत पिस्तूल झाडले म्हणून त्याला सुधारगृहात धाडले होते आणि तेथील पथकात त्याच्या वादनाला वळण लागले. पुढे जगभर फिरतानाही तो पत्राचा शेवट, सही करण्यापूर्वी, राजमा-भाताचे नाव घालून करीत असे.

हा ओघ मुंबईपर्यंत पोचला. 1935 मध्ये लिऑन ॲबीचे कृष्णवर्णीय वादकांचे पथक ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले आणि त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड तेथे रमला. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, याला तर ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (1951) मधील झगमगीत वाद्यमेळात त्याचा वाटा होता. मराठी कानांना जाझची चाल परकी वाटत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

आता सोमवार. हा धुण्याचा वार. हाताने कपडे धुण्यात बायकांचा दिवस जाई, म्हणून ज्याकडे फारसे पाहावे लागत नाही असा पदार्थ चुलीवर चढे. रात्री भिजत घातलेला लाल राजमा, रविवारच्या जेवणातून उरलेले डुकराच्या मांसाचे हाड, कांदा, सेलरी, भोपळी मिरची, लसूण, तेजपान. मंद आचेवर तासन् तास शिजताना काही दाणे फुटून रस आपोआप दाट होतो. तो पांढऱ्या भातावर वाढतात. धुलाईयंत्रे येऊन कित्येक दशके झाली, तरी शहरातल्या साध्या खाणावळींत सोमवारी राजमा-भातच असतो. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. रॅम्पार्ट आणि ड्युमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कोझिमो मटासाने 1945 मध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय केली. फॅट्स डॉमिनोचे पहिले गाजलेले गाणे 1949 मध्ये तेथेच मुद्रित झाले आणि रॉक अँड रोलच्या पायाचे कित्येक दगड त्याच खोलीत बसले. पुढे त्या जागेत कपडे धुण्याचे दुकान निघाले.

कांदा, सेलरी आणि भोपळी मिरची या तिघांना स्थानिक लोक ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. बहुतेक पदार्थांची सुरुवात यांनीच होते. गम्बोत त्याआधी ‘रू’ लागतो. जाड बुडाच्या भांड्यात जवळपास समप्रमाणात तेल आणि मैदा घेऊन मंद आचेवर सतत ढवळायचे. पांढरट पीठ आधी बदामी होते, मग तांबूस, मग चॉकलेटच्या रंगाचे. अर्धा-पाऊण तास हात थांबवता येत नाही. लाडवासाठी बेसन भाजताना जे अवधान लागते, तेच येथे. एक काळा ठिपका दिसला की सगळे टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते. योग्य क्षणी ट्रिनिटी आत पडते, मोठा चर्र आवाज होतो आणि भाजणे थांबते. मग रस्सा, सॉसेज, कोंबडी किंवा कोळंबी आणि खेकडे. दाटपणासाठी आफ्रिकेतून आलेली भेंडी घालतात, नाहीतर चॉक्टॉ लोकांनी शिकवलेली सॅसाफ्रासच्या वाळल्या पानांची पूड, म्हणजे ‘फिले’. फिले आचेवरून उतरवल्यावरच घालायची, उकळली तर तार सुटते. फ्रेंच रू, आफ्रिकी भेंडी, चॉक्टॉ पूड आणि भात हे सारे एका वाडग्यात येते.

गम्बोसाठी एकाच जागी जायचे असेल तर ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवरचे ‘डूकी चेज’ निवडावे. 1941 मध्ये सुरू झालेल्या या घरगुती उपाहारगृहाला लीया चेज (1923-2019) यांनी प्रतिष्ठा दिली. गोरे आणि काळे यांनी एकत्र बसून जेवणे कायद्याने वर्ज्य होते, त्या काळात नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते दोन्ही वर्णांचे सहकारी घेऊन वरच्या खोलीत गम्बो खात बैठका घेत. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तेथे अनेक पालेभाज्यांचा ‘गम्बो झेर्ब’ करण्याची प्रथा आहे.

कष्टकऱ्यांचा दुसरा पदार्थ ‘पो-बॉय’. 1929 मध्ये ट्राम कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. पूर्वी स्वतः ट्रामवर काम केलेल्या बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन या भावांनी आपल्या उपाहारगृहात संपकऱ्यांना फुकट जेवू घालण्याचे जाहीर केले. लांबट फ्रेंच पाव टोकाला निमुळता असल्याने वाया जाई, म्हणून जॉन जेंडुसा या भट्टीवाल्याने टोकापर्यंत सारखा रुंद पाव बनवून दिला. तळलेली कोळंबी, कालवे किंवा रश्शात भिजलेले मांस त्यात भरतात. वरून पापुद्र्यासारखा तडकणारा आणि आतून हलका असा तो पाव बाहेरगावी सहसा साधत नाही. सिसिलियनांचा ‘मफुलेटा’ 1906 पासूनच्या ‘सेंट्रल ग्रोसरी’शी जोडलेला आहे. गोल पाव, थंड मांसाचे काप, चीज आणि ऑलिव्हचे तेलकट लोणचे एवढाच त्याचा ऐवज.

संगीताचा जिवंत आधार सभागृह नाही, मंडळ आहे. विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना दारात उभे करीत नसत. तेव्हा वस्तीतल्या लोकांनी वर्गणी गोळा करून आजारपण आणि अंत्यविधी यांची तरतूद करणारी मंडळे काढली. ‘यंग मेन ऑलिम्पियन’ हे मंडळ 1884 पासूनचे आहे. सभासद वारला की ब्रास बँड मिळे. कबरस्तानाकडे जाताना संथ स्तोत्रे वाजत आणि ढोलाच्या तारांखाली रुमाल सरकवून आवाज बसका केला जाई. निरोप झाला की रुमाल निघे, ताल उसळे आणि परतीची वाट नाचत सरे. याच मंडळांच्या वार्षिक मिरवणुका आजही उन्हाळ्याचे महिने सोडून जवळपास दर रविवारी निघतात. पुढे सजलेले सभासद आणि पथक, मागे छत्र्या आणि रुमाल नाचवत येणारी वस्ती. या मागच्या रांगेवरूनच मिरवणुकीला ‘सेकंड लाइन’ म्हणतात. चार तास चालणाऱ्या या मिरवणुकीबरोबर टपऱ्या-गाड्याही चालतात. त्यांवर भाजलेले मांस असते आणि ‘याकामेन’ हे शेवया, मांस, सोया सॉस आणि उकडलेल्या अंड्याचे सार मिळते. 1970 च्या दशकात ही पथके विरळ होत होती. 1977 मध्ये ‘डर्टी डझन’ आणि 1983 मध्ये ‘रीबर्थ’ या पथकांनी त्यात फंक मिसळून तरुणांना परत आणले.

या वस्त्यांवर आघात कमी झाले नाहीत. 1966 मध्ये क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरचे ओक वृक्ष तोडून त्यावर महामार्गाचा उड्डाणपूल घातला गेला आणि ट्रेमेतल्या कृष्णवर्णीयांची भरभराटीची बाजारपेठ मोडली. 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळात बांध फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. फॅट्स डॉमिनोला त्याच्या लोअर नाइन्थ वॉर्डमधल्या घरातून बोटीने सोडवावे लागले. 2000 च्या जनगणनेत 4,84,674 असलेली लोकसंख्या 2010 मध्ये 3,43,829 वर आली. 2020 मध्ये ती 3,83,997 होती. परतलेल्या वादकांसाठी अप्पर नाइन्थ वॉर्डमध्ये ‘म्युझिशियन्स व्हिलेज’ ही वसाहत उभी राहिली. तिच्यातले संगीत केंद्र पियानोवादक एलिस मार्सालिस यांच्या नावाने आहे.

प्रवाशाने पाहण्याच्या जागा एकमेकींपासून लांब नाहीत. काँगो स्क्वेअर आता लुई आर्मस्ट्राँग उद्यानात आहे. तेथून फ्रेंच क्वार्टर पायी काही मिनिटांवर आहे. सेंट पीटर स्ट्रीटवरील ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ 1961 पासून चालू आहे. ॲलन आणि सँड्रा जाफी या दांपत्याने ते वाढवले. लाकडी बाके, जमिनीवर गाद्या, ध्वनिवर्धकाशिवायचे वादन. शहरात याहून चांगला पाऊण तास मिळणे कठीण. जुन्या टांकसाळीतले जाझ संग्रहालय पाहावे. बर्बन स्ट्रीटवर दारू आणि गोंगाट अधिक, त्यापेक्षा संध्याकाळ फ्रेंचमेन स्ट्रीटवर घालवावी. सेंट चार्ल्स मार्गावरची ट्राम 1835 पासून धावते आहे. एप्रिलच्या शेवटी ‘जाझ फेस्ट’ सुरू होतो. तो 1970 मध्ये काँगो स्क्वेअरमध्येच, न्यू ऑर्लिन्सच्या कन्या महालिया जॅक्सन यांच्या उपस्थितीत सुरू झाला होता. आता तो घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भरतो आणि गर्दी फार असते. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बरा. मुक्कामात रविवार आणि सोमवार दोन्ही असावेत. मिरवणुकीचा मार्ग ‘डब्ल्यूडब्ल्यूओझेड’ या सामुदायिक रेडिओवर कळतो. शाकाहारी माणसाने राजमा मागवण्यापूर्वी मांसाची चौकशी अवश्य करावी, कारण बिनमांसाचा राजमा तेथे अपवादाने मिळतो. पालेभाज्यांच्या गम्बोतही बहुधा मांस असते. आणि कोपऱ्यावर उभे राहून वाजवणाऱ्या पोरांची बादली समोर आली की तीत नाण्यांऐवजी नोट टाकावी. त्यांतल्या अनेकांची त्या दिवसाची मिळकत त्या बादलीतच असते.