घरी बनवलेलं वेप लिक्विड घशाला का झोंबतं? आणि झोंबलं नाही, तर ते सुरक्षित असतं का?

तंबाखू मळताना चुना का लावतात, हे टेंभुर्णीच्या कुठल्याही पानटपरीवर विचारा. चुन्याशिवाय तंबाखू 'लागत' नाही, असंच उत्तर मिळेल. वेप ओढल्यावर घसा का झोंबतो, याचं अर्धं उत्तर याच चुन्यात आहे.

भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे. तरीही मोबाइलवरचे व्हिडिओ बघून काही जण लिक्विड घरीच बनवतात आणि मग विचारतात, "घशाला फार लागतंय, काय कमी करू?" त्याआधी नेमकं काय लागतं ते समजून घेऊ.

घशाला नेमकं काय लागतं?

निकोटिन: चुना अल्कधर्मी असतो. त्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडातून पटकन शोषलं जातं. साध्या वेप लिक्विडमध्येही निकोटिन अशाच मोकळ्या रूपात असतं. प्रमाण वाढलं की ठसका लागतो. घरी मोजमापात थोडी जरी चूक झाली, तरी हे प्रमाण सहज वाढतं.

प्रॉपिलीन ग्लायकॉल: लिक्विडचा मूळ द्रव म्हणजे हे रसायन आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण. प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे घसा कोरडा पडतो आणि खवखवतो.

करपलेला कापूस: लिक्विड कमी पडलं की कॉइलभोवतीचा कापूस कोरडा पडतो आणि तापमान वाढतं. मग ग्लिसरीनपासून अॅक्रोलिन तयार होतं. कढईतलं तेल जास्त तापल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, त्यातही हेच असतं. सोबत फॉर्मल्डिहाइडही तयार होतं. लिक्विडमधला गोडवा कॉइलवर जळून बसला, तरी ओढताना करपट चव लागते.

इसेन्स: केक-आइस्क्रीमचा इसेन्स पोटासाठी असतो, फुप्फुसासाठी नाही. लोण्याचा स्वाद देणारं डायअॅसिटिल खाण्यात चालतं. पण २००० साली अमेरिकेतल्या मिसुरीत पॉपकॉर्न कारखान्याच्या काही माजी कामगारांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याचं समोर आलं. त्यामागे या स्वादाची वाफ होती. तेलकट इसेन्सने फुप्फुसात न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते.

मग झोंबणं कमी केलं की झालं?

नाही. खरी गफलत इथेच होते.

बेंझोइक आम्ल घातलं की निकोटिनचा क्षार बनतो आणि घसा शांत होतो. मेन्थॉलने गारवा येतो आणि जळजळ जाणवत नाही. पण निकोटिन कमी झालेलं नसतं. उलट ठसका लागत नाही म्हणून माणूस जास्त ओढतो आणि व्यसन लवकर जडतं.

काही विषं तर घशाला मुळीच लागत नाहीत. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. यात मुख्य संशय व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर आला. गांजाच्या अर्काचं बेकायदा लिक्विड दाट करायला ते घातलं जात होतं. हेच रसायन त्वचेच्या क्रीममध्ये चालतं.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. हे विष गोडसर असतं. दिसायला आणि चवीला ते ग्लिसरीनसारखंच, त्यामुळे प्रयोगशाळेशिवाय ओळखता येत नाही. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात जे कळलं नाही, ते घरच्या बाटलीत कसं कळणार?

कायदा काय सांगतो?

ई-सिगारेट किंवा तिचा कोणताही भाग बनवणं, आयात करणं, विकणं, त्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.

आता काय करायचं?

- घसा झोंबत असेल तर मिश्रण बदलत बसू नका, ओढणं थांबवा.
- खोकला, दम लागणं, छातीत दुखणं, ताप किंवा उलट्या असतील तर दवाखान्यात जा आणि वेप ओढल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते लपवलं तर निदानाला उशीर होतो.
- निकोटिनचं द्रव त्वचेतूनही अंगात जातं. अंगावर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा. लहान मुलाने गिळलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.
- सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं.

घरात कुणी हे करत असेल, तर आधी त्याला ओरडू नका. बाटलीत काय काय घातलंय, ते विचारा. डॉक्टरांनाही पहिल्यांदा तेच माहीत हवं असतं.