जीपची जुनी जाहिरात खरी की नक्कल? आधी कंपनीचं नाव वाचा

लष्करी जीपच्या जुन्या जाहिराती जमवणाऱ्यांना मोठी भीती असते ती नव्या छपाईची. मग खरी जाहिरात ओळखायची कशी?

आधी कंपनीचं नाव बघा. १९४५ मध्ये सुरू झालेली कंपनी होती 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्यामुळे १९४७ ची म्हणून दाखवलेल्या जाहिरातीवर हे नवं नाव असेल, तर सावध व्हा. अमेरिकी जाहिरातींवरचं 'विलीज' हे कंपनीचं नावही १९६३ मध्ये 'कायझर जीप' झालं.

नाव जुळलं, तरी पान उलटून बघा. मासिकातून कापलेल्या पानाच्या मागेही सहसा छपाई असते. मागची बाजू कोरी असेल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याला कारण विचारा.